घट्ट गळ्याचा आमसुली स्वेटर

"मांजर उठल्याशिवाय ती लोकर मिळायची न्हाई," दुकानदार म्हणाला आणि त्याने पुन्हा पेपरात तोंड घातलं.

साताऱ्यातल्या एका बोळातलं ते दुकान. लोकरीचे गुंडे पार छतापर्यंत रचलेले, आणि सगळ्यात खालच्या फळीवर, नेमक्या आम्हाला हव्या असलेल्या आमसुली रंगावर, एक जाडजूड पांढरी मांजर पोट वर करून झोपलेली. याच रंगासाठी आम्ही आधी नाशिक आणि पुणं पालथं घातलं होतं. रंग सापडला तर वर ही बया.

"अहो, आम्ही कल्याणहून आलोय," सत्यभामा म्हणाली.

"ती बी लांबनंच आलीया. वाईस्नं."

"मग उठवा की तिला."

"तुमी उठवा." त्याने सदऱ्याची बाही वर केली. कोपरापर्यंत ओरखडे होते. "माजं उठवून झालंय."

"किती वाजता उठते?"

"तिच्या मनावर हाय. चा सांगू का?"

आम्ही बाकड्यावर बसलो. सत्यभामा माझ्याकडे बघून दातओठ खात होती, जणू मांजर मीच घरून आणली होती.

ही गोष्ट ज्या काळातली आहे, तेव्हा मोबाइल आले होते, पण परदेशातल्या पोरांना आईचा चेहरा फोनवर दिसायची सोय झाली नव्हती. ती नव्हती म्हणूनच आमचं लफडं जमलं.

मी हेमलता, ही सत्यभामा भोईर आणि तिसरी फिलोमिना तुस्कानो. तिघींनी कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एका रांगेत बसून जन्म काढला. कानाला हेडफोन आणि मांडीवर विणकाम. ट्रंककॉल लागेपर्यंत चार ओळी आरामात व्हायच्या. पलीकडच्याला वाटायचं, लाइन बिझी आहे. आमची पोरं सरकारी वेळेत विणलेल्या स्वेटरांवर मोठी झाली. रिटायर झाल्यावर मी नाशिकला गेले, फिलो वसईजवळच्या आपल्या घरी, सत्यभामा कल्याणातच राहिली. पण वर्षातून एकदा लोकर आणायला म्हणून तिघींनी कुठल्यातरी गावी जायचं, हा नेम चुकला नाही. लोकर हे निमित्त. खरं काम नवऱ्यांना नावं ठेवण्याचं. फिलोचा नवरा वारला होता, तरी ती यात मागे राहायची नाही.

त्या वर्षी मात्र आम्ही दोघीच होतो. गणपतीच्या सुमारास फिलोला अर्धांगाचा हलका झटका आला. बरी झाली, चालायला-बोलायला लागली. उजवा हात वरून बघणाऱ्याला धड दिसायचा. कप उचलायची, दार लावायची, छातीवर क्रूस करायची. पण अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं एकमेकांशी पटेनासं झालं. सुई धरली की गळून पडायची. हे तिने आम्हा दोघींखेरीज कोणालाच सांगितलं नाही, आणि पोटच्या पोराला तर नाहीच नाही.

पोरगा ॲल्विन, कॅनडात इंजिनियर. दर नाताळला यायचा आणि आईने विणलेला नवा स्वेटर घेऊन जायचा. आदल्या वर्षी फिलो अंगणात घसरून पडली होती, तेव्हापासून त्याने एकच लावून धरलं होतं: आता एकटं राहायचं नाही.

"काल फोनवर काय म्हणाला सांगू?" फिलो आम्हाला म्हणाली होती. "म्हणे, आई, तू बोलण्यात पक्की आहेस, तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही. स्वेटर झालेला दिसला की मी समजेन तू धड आहेस. नाही दिसला, तर या खेपेला घराला कुलूप आणि तू माझ्याबरोबर."

"मग जा की," सत्यभामा म्हणाली. "फुकटात बर्फ बघशील."

"आणि यांचं काय?"

'यांचं' म्हणजे मांजरांचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. जुन्या लोकांना आठवेल, ट्रंककॉलचे हे तीन प्रकार होते. लाइटनिंग कॉल म्हणजे विजेच्या वेगाने लागणारा. लाइटनिंग मांजर सकाळी ज्या खुर्चीत बसायची तिथेच संध्याकाळी सापडायची. ॲल्विनला लहानपणापासून मांजरांचं वावडं. चार हात लांब असली तर चालायची, जवळ आली की याच्या नाकाचा नळ सुटायचा. तेव्हा तिकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता.

खरं सांगायचं तर मला मांजरांचं एवढं नव्हतं. मला फिलो जायला नको होती. साठीनंतर नवी मैत्रीण मिळत नाही, ओळखी मिळतात. फिलोला मी एक्स्चेंजमध्ये रडताना पाहिलं होतं आणि तिने मला साहेबाला शिव्या घालताना. असं माणूस कॅनडाला पाठवून मी करणार काय होते?

म्हणून ठरलं, की स्वेटर आम्ही पुरा करायचा. पाठ आणि पुढचा अर्धा भाग आजारपणाआधी फिलोनेच विणून ठेवला होता. 'माझं विणलेलं उसवायचं नाही,' असं तिने बजावलं. रंगही तिने ॲल्विनला आधीच सांगून टाकलेला, आमसुली. अडचण एकच होती: उरलेली लोकर अर्जंटने खेळता खेळता विहिरीत घातली होती. आता लोकर सगळी एकदम घ्यायची हा विणणारीचा पहिला धडा, कारण कारखान्यात दर खेपेला रंग जरा वेगळा उतरतो. म्हणून गुंड्यावर लॉट नंबर असतो. तो चुकला की एक बाही आमसुली आणि दुसरी वांग्याची.

आणि त्या लॉटवर साताऱ्याची ही बया झोपली होती.

चहा झाला, दुकानदाराचा पेपर उलटीकडून वाचून झाला. भूक लागली म्हणून सत्यभामाने पिशवीतून डबा काढला. आगरी घरची लेक ती, प्रवासाला निघाली की भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी बरोबर असायचीच. झाकण उघडलं मात्र, मांजर एका उडीत तिच्या पायाशी.

दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. "बाई, ह्ये आदीच न्हाई का काडायचं?"

मी गुंडे उचलले. लॉट नंबर तोच होता. मला इतका आनंद झाला की मी मांजरीला नमस्कार केला.

सत्यभामाने एक गुंडा उजेडात धरला. "शी. ही लोकर आहे का मांजर?"

आमसुली लोकरीवर पांढऱ्या केसांचा थर होता. सत्यभामा म्हणजे देव्हाऱ्यातल्या देवांनाही कानामागे धुतलंत का असं विचारणारी बाई. साताऱ्याहून कल्याणपर्यंत ती एसटीत केस वेचत बसली. शेजारच्या माणसाने घाटात जागा बदलली.

पुढची परीक्षा वसईला. फिलो अंगणातल्या आरामखुर्चीत, मांडीवर लाइटनिंग, आणि लाइटनिंगच्या खाली तो अर्धा स्वेटर.

विणणारीचा हात म्हणजे तिचं अक्षर. फिलोचा हात असा घट्ट, की एका सुईवरून दुसरीवर टाका सरकवायला देवाचं नाव घ्यावं लागे. माझा सैल. मी विणलेलं चाळण म्हणून वापरता येईल असं फिलो म्हणायची. म्हणून आधी नमुना विणून दाखवायचा होता.

तिने माझा तुकडा डाव्या हाताने ताणून बघितला. "सैल."

"तुझ्याच दहा नंबरच्या सुयांवर विणलाय."

"सुया माझ्या, हात तुझा. उसव."

मी त्याहून बारीक, अकरा नंबरच्या सुया घेतल्या. तिने पुन्हा ताणलं. "आता भाताच्या पेजेसारखं झालंय. मघाशी पाणी होतं. उसव."

"फिलो, मी तुझ्यावर उपकार करतेय हे लक्षात आहे ना?"

"आहे. उसव."

बारा नंबरच्या बारीक सुयांवर, बोटं दुखेपर्यंत धागा ओढून धरला, तेव्हा कुठे तिने तो तुकडा पाठीच्या भागाला लावून बघितला. मग उजव्या हाताची ती दोन बोटं त्याच्यावरून फिरवली.

"मीच विणलाय," ती म्हणाली.

सत्यभामाने उगाचच विहिरीकडे बघितलं. मग तिला राहवलं नाही. "तुझ्या या स्वेटरात लोकर किती आणि मांजर किती ग?"

"लोकर दुकानातली. ऊब यांची."

"गळा जरा मोठा करू का?" मी विचारलं. "दरवर्षी त्याचं डोकं अडकतं म्हणून तूच सांगतेस."

"खबरदार. अडकलं नाही तर लगेच ओळखेल."

"एवढा हुशार आहे तो?"

"इंजिनियर आहे. आपणहून त्याला काही कळत नाही, पण चाचपून बघितलं की सगळं कळतं."

तिथे बसून विणणं शक्य नव्हतं. शेजारची रेमीबाई ॲल्विनला गावाची बातमी फोनवर पुरवायची, आणि बातमी नसेल तर घडवायची. म्हणून मी सगळं नाशिकला नेलं. दिवाळीनंतर मी दुसरं काहीच केलं नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं, हा कोणासाठी. मी म्हटलं, परपुरुषासाठी. तो म्हणाला, मग माझा कधी होणार, आणि टीव्ही लावून बसला.

स्वेटर झाला. बाह्या झाल्या, गळा झाला, मुद्दाम घट्ट. शेवटचा हात फिरवायला तो सत्यभामाकडे गेला. तिने रिठ्याच्या पाण्यात धुतला, सावलीत वाळवला, उलटा करून चिकटपट्टी लावली आणि पाठीपासून बाहीपर्यंत केस न् केस काढला. मग इस्त्री करून प्लास्टिकच्या पिशवीत घातला. नाताळच्या सकाळी आम्ही दोघी वसईला पोचलो, तेव्हा तिने तो फिलोच्या हातात असा ठेवला, जसा काही दागिना.

"देवाशप्पथ," फिलो पिशवीतूनच बघत म्हणाली, "मी जन्मात इतका साफ विणला नसता."

"काढू नको बाहेर," सत्यभामा म्हणाली. "तुझी लेकरं बसतील."

लेकरांची रवानगी मागच्या पडवीत झाली होती. ॲल्विन दोन दिवसांपूर्वी आला होता. उंच, टकलाकडे झुकलेला, बोलण्यात मोजका. आल्यापासून तो आईकडे बघत होता, असं फिलोने आम्हाला कुजबुजत सांगितलं. जिना चढताना बघत होता. कप धरताना बघत होता. ती करंज्या करायला बसली नाही, रेमीकडून आणल्या, हेही त्याने बघितलं होतं. फिलोने त्याला सांगितलं, डोळ्यांचे डॉक्टर म्हणालेत, बारीक काम थोडे दिवस बंद. तो 'बरं' म्हणाला होता. त्याच्या त्या 'बरं'ची आम्हा तिघींना धास्ती होती.

जेवणं झाल्यावर फिलोने पिशवी पुढे केली, डाव्या हाताने.

"घे बाबा. तुझा पुरावा."

त्याने स्वेटर बाहेर काढला. पाठ बघितली, बाही बघितली. जिथे फिलोचं काम संपून माझं सुरू होत होतं, तिथेच नेमका त्याचा अंगठा थांबला. अंगठा पुढे सरकला.

"छान आहे," तो म्हणाला आणि डोक्यात घातला.

डोकं अडकलं. तसंच, दरवर्षीसारखं. गळ्यातून केसांचा एक झुबका तेवढा वर आला आणि खाली दोन हात हवेत. फिलो हसायला लागली. "दरवर्षी हेच. अरे, डोकं बारीक कर." मीही हसले. सत्यभामाने माझ्या पायावर पाय दिला. जमलं होतं. टाके तिचे, रंग तिचा, गळा तिचा. आता कसला कॅनडा.

आतून तो ओढत होता. मग ओढायचा थांबला. डोकं आतच. आम्ही वाट बघतोय. फिलोचं हसू ओसरलं.

"काय रे, ओढू का?"

लोकरीच्या आत तो नुसता श्वास घेत होता, एकदा, दोनदा, खोल. मला ते स्वेटरावरून दिसत होतं. मग त्याने झटका देऊन डोकं बाहेर काढलं. केस विस्कटलेले, डोळे लाल. त्याने आईकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही. तिच्या उजव्या हाताकडे, जो तिने पदरात गुंडाळून घेतला होता. मग माझ्याकडे बघितलं. मी सत्यभामाकडे बघितलं, आणि सत्यभामा भिंतीवरच्या येशूकडे.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मांजराचा एक केस नव्हता त्या स्वेटरात. गाढव आम्ही. ज्या पोराला मांजराच्या वाऱ्याने शिंका येतात, त्याचं नाक इतका वेळ आईच्या स्वेटरात अडकलं होतं आणि त्याला शिंक आली नव्हती.

बाहेर रेमीबाईच्या घरी नाताळची गाणी लागली होती.

मग ॲल्विनने तोंड वर केलं, डोळे मिटले, आणि शिंकला.

इतकी खोटी शिंक मी उभ्या जन्मात ऐकली नाही. 'आच्छी' असं पुस्तकात लिहितात, तसं तो सरळ म्हणाला. थांबून पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज चिरकला आणि त्याने बाहीने नाक पुसलं. नाक मात्र खरंच गळत होतं.

"मांजरं," तो म्हणाला. "आई, तुझी ही मांजरं ना. लोकरीत बसतात."

"लाइटनिंग असेल," फिलो म्हणाली. "मेली ऐकतच नाही."

"बघतो तिला." तो उठून मागच्या पडवीकडे गेला.

तो गेल्यावर फिलोने पदरातून हात काढला आणि मांडीवर ठेवला.

"शाळेच्या नाटकात याला नेहमी झाड करायचे," ती म्हणाली. "का करायचे ते कळलं ना तुम्हाला?"

"फिलो," मी म्हटलं.

"गप. त्याला सांगू नकोस मला कळलं ते."

संध्याकाळी तो आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आला. स्वेटर अंगातच होता. वसईच्या दमट हवेत तो घामाने निथळत होता, पण काढायला तयार नव्हता. सत्यभामा जागा धरायला पुढे गेली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"मावशी."

मी सांगितलं. गणपतीपासून. डॉक्टर काय म्हणतात, आम्ही आलटून पालटून कशा येतो, सगळं. तो ऐकत चालत होता.

"तिकडे थंडीत मी दररोज तिचा स्वेटर घालतो," तो म्हणाला. "दिवसभर शिंकतो. ऑफिसात विचारतात, सर्दी झाली का? मी म्हणतो, नाही, आई आहे." त्याने गळ्यात बोट घालून थोडी हवा घेतली. "आज आत डोकं अडकलं आणि काहीच आलं नाही. गळा तोच, टाके तेच. आणि आत कोणी नाही. मला वाटलं, आई गेली. समोर बसून हसतेय आणि गेली."

मला रिठा आठवला. चिकटपट्टी आठवली.

"नेणार तिला?" शेवटी मी विचारलं.

"तिकडे नेऊन काय करू? दोन दिवस बघतोय. मांजरांशी बोलते, रेमीआंटीशी भांडते, तुमची वाट बघते. तिकडे ती भांडणार कोणाशी?" एसटीचा हॉर्न वाजला. "एक बाई ठेवून देतो घरात. आई तिला पळवून लावेल, मग दुसरी ठेवू. पण मावशी, पुढच्या वर्षी विणायला इथे येऊन बसा. लाइटनिंगला मांडीवर घेऊन."

"बरं."

"आणि आईला सांगू नका मला कळलं ते."

सत्यभामाने खिडकीतून हाक मारली. मी चढले. वाटेत तिने विचारलं, काय म्हणत होता? मी म्हटलं, रिठा कुठल्या दुकानातला विचारत होता.

फिलो शेवटपर्यंत त्याच घरात राहिली. ॲल्विनने ठेवलेल्या बायांपैकी तिसरी टिकली, कारण ती फिलोपेक्षा जास्त भांडायची. मायलेकांनी मला एकाच गोष्टीची शपथ घातली होती, आणि दोघांचीही मी पाळली. आता फिलो नाही, आणि ॲल्विनला मराठी वाचायचा कंटाळा आहे, म्हणून लिहितेय.

पुढच्या वर्षी दसऱ्यापासून मी वसईला मुक्काम टाकला. रेमीबाईला सांगितलं, हवापालटाला आलेय. मांडीवर लाइटनिंग, तिच्यावर लोकर आणि समोर फिलो. 'सैल, उसव' हे तिचं चालूच. सत्यभामा रिठ्याची पिशवी घेऊन आली होती. तिला आम्ही स्वेटराला हात लावू दिला नाही.

नाताळच्या दुपारी ॲल्विनने डोकं आत घातलं, आणि ते अडकलं. आम्ही तिघी खुर्च्यांच्या कडेला येऊन बसलो. आतून पहिली शिंक आली ती अशी, की गळ्याचे दोन टाके तुटले. मग दुसरी. मग मोजायच्या पलीकडे. तो बाहेर आला तेव्हा डोळ्यांना, नाकाला धारा लागल्या होत्या आणि तोंडभर हसत होता.

फिलोने डाव्या हाताने त्याला रुमाल दिला.

"आता कसं," ती म्हणाली.